बुअझाच्या गाडीतली बोचकी

बुअझाचा कुणावरच विश्वास नव्हता. टरबूज घ्यायचं तर दुकानदाराने हातात दिलेलं तो घ्यायचा नाही, ढिगाच्या तळातलं काढायला लावायचा. डॉक्टरने गोळी दिली की दुसऱ्या डॉक्टरला दाखवून यायचा. आम्ही दोघं स्पेनमधल्या लोर्काच्या शेतांत एकाच टोळीत ब्रोकोली कापायचो आणि दोघंही मूळचे मोरोक्कोतल्या फकीह बेन सालाह गावचे, त्यामुळे मला त्याचं नवल नव्हतं. माणूस वाईट नव्हता. तरुणपणी स्पेनमध्ये पाय ठेवल्या ठेवल्या एका ठेकेदाराने कागद करून देतो म्हणून त्याचा पासपोर्ट घेतला आणि पोबारा केला. तेव्हापासून तो असा झाला.

दर उन्हाळ्यात आमच्या दोन गाड्या गावाला एकत्र निघायच्या. पुढे त्याची पांढरी व्हॅन, मागे माझी गाडी. अल्जेसिरासहून बोटीत गाड्या चढवायच्या, पलीकडे मोरोक्कोत टांजियरला उतरायचं. समुद्र एवढासाच, पण बुअझाची तयारी मात्र वसंतापासून चालायची. ऑगस्टच्या गर्दीत जायचं नाही. तिकीट हमरस्त्यावरच्या एका ठरावीक दुकानातूनच घ्यायचं. परक्याचं पुडकं गाडीत ठेवायचं नाही. आणि बंदराजवळ कुणी चाकाकडे बोट दाखवलं तर थांबायचं नाही, कारण तिथले भामटे हवा गेली म्हणून खुणावतात आणि आपण खाली उतरलो की दुसऱ्या बाजूने पिशवी पळवतात.

त्या वर्षी मात्र सगळं बिनसलं. त्याच्या मुलीने, हसनाने, तिकिटं फोनवरच काढली.

"आणि बोट आलीच नाही तर मी गचांडी कुणाची धरू? फोनची?" बुअझाने विचारलं.

"बोट येईल, बा," हसना म्हणाली.

मग त्याची बायको यमना म्हणाली, "गाडीचं मागचं मी भरते. तू टपाचं बघ."

इतक्या वर्षांत यमनाने गाडी कधी भरली नव्हती. बुअझा टपावर सायकली, गाद्या आणि भावासाठी घेतलेला फ्रीज दोरांनी आवळत होता आणि खाली मायलेकी बोचकी आत रचत होत्या. प्रत्येक बोचक्याचं तोंड दाभणाने शिवलेलं. काय आहे विचारलं तर यमना म्हणायची, "बहिणीसाठी चादरी."

दुसऱ्या दिवशी शेतात तो माझ्या शेजारच्या सरीत आला.

"लार्बी, चादरींना इतकं वजन असतं का?"

"भिजल्या असतील."

"थट्टा नको. कब्बूर रोज फोन करतोय. मी खोलीत गेलो की यमना फोन ठेवते."

कब्बूर म्हणजे यमनाचा भाऊ. गावात त्याचं जुन्या सामानाचं दुकान होतं. मेव्हणा बहिणीच्या हातून धंद्याचा माल आणवतोय, असं बुअझाने ठरवूनच टाकलं होतं.

"कस्टमवाल्यांनी धरलं तर गाडी माझ्या पासपोर्टवर चढलेली असते, कब्बूरच्या नाही," तो म्हणाला. "तुझ्या बायकोला, गीताला विचार जरा. बायका एकमेकींना सगळं सांगतात."

मी घरी गीताला विचारलं. ती म्हणाली, "मला काय माहीत," आणि उठून चहात पुदिना घालायला गेली. हे मी बुअझाला सांगितलं, तर तो माझ्याकडेच निरखून पाहायला लागला. "तूही त्यांच्यातलाच का रे?"

निघायच्या दिवशी पहाटेची नमाज झाल्यावर आम्ही गाड्या काढल्या. वाटेत झाडाखाली उकडलेली अंडी, ऑलिव्ह आणि पाव खाल्ला. बुअझा व्हॅनला पाठ टेकून उभ्यानेच जेवला, मागच्या दारावर हात ठेवून.

अल्जेसिरासमध्ये शिरताना कडेला उभ्या असलेल्या एका माणसाने त्याच्या मागच्या चाकाकडे बोट दाखवलं. बुअझाने हॉर्न दाबून धरला आणि गाडी अधिकच जोरात काढली. मी मागून पाहत होतो. चाक खरंच बसलं होतं. मी फोन लावला.

"बुअझा, थांब. हवा गेलीय."

"तुलाही फितवलं का त्याने?" तो म्हणाला आणि फोन बंद केला.

बंदराच्या रांगेत पोचेपर्यंत टायरच्या चिंध्या झाल्या होत्या. स्टेपनी व्हॅनच्या मागच्या फळीखाली होती. म्हणजे आधी सगळी बोचकी बाहेर काढणं आलं. यमनाने दाराला हात लावला. "नको. कुणाला तरी बोलाव. ओढून नेतील."

"कुणी माझ्या गाडीला हात लावणार नाही," बुअझा म्हणाला.

त्याने एकेक बोचकं डांबरावर ठेवलं. शेवटी एक जड पेटी निघाली. तिच्याकडे पाहून त्याने खिशातला चाकू काढला, तोच ब्रोकोली कापायचा, आणि पहिल्या बोचक्याची शिवण उसवली. आत हिवाळ्याच्या रजया होत्या. दुसऱ्यात यमनाची पायघोळ लोकरी जेलाबा, जाड मोजे, कोट. तिसऱ्यात तिच्या आईचा फोटो आणि तिचं कुसकुस वाफवायचं भांडं. पेटीत शिलाई मशीन होतं.

ऐन जुलैच्या उन्हात रजया. बुअझा चाकू हातात धरून तसाच उभा राहिला. मागच्या गाड्या हॉर्न वाजवत आम्हाला वळसा घालून बोटीकडे गेल्या. बोट सुटली, तीही आम्ही तिथूनच पाहिली.

यमना मशीनच्या पेटीवर बसली. "मी परत यायची नाही, बुअझा. मी गावी राहणार. बहिणीच्या घराची वरची खोली कब्बूरने रंगवून ठेवलीय. मी शिवणकाम करीन."

"तिथे कुणी आहे का?"

"हे तू विचारणार, मला ठाऊक होतं. उत्तरही तयार ठेवलं होतं. आता द्यावंसं वाटत नाही."

हसना तोंड फिरवून उभी होती. बुअझाने चाकू मिटला.

"मला आधी का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तू आधी कब्बूरवर संशय घेतला असतास, मग हसनावर, मग माझ्यावर. माझं ऐकायची पाळी कधी आली असती?" मग ती जरा हळू बोलली. "तू शेतात जातोस. हसना आता मुर्सियाला नोकरीला जाईल. मी दुसऱ्यांच्या फरश्या पुसून घरी येते आणि भिंतीशी बोलते. मला माझी माणसं हवीत. तुझ्यावर राग नाही."

बुअझा जॅक घेऊन चाकाशी वाकला. आम्ही दोघांनी मिळून चाक बदललं. मग त्याने गीताकडून सुई-दोरा मागितला आणि उसवलेली बोचकी तिथेच रांगेत बसून शिवली. वेडेवाकडे टाके घातले, पण शिवली.

पुढच्या बोटीवर तो एरवीसारखा गाड्यांच्या मजल्याच्या जिन्याशी पहारा देत बसला नाही. वर यमनाजवळ बसला. मध्येच माझ्याकडे येऊन म्हणाला, "लार्बी, खरं सांग. तुला माहीत होतं?"

"नव्हतं."

"गीताला होतं."

तो मान हलवून परत गेला.

गावी मशीन त्याने स्वतः खांद्यावरून वरच्या खोलीत नेलं. दाराची कडी त्याला कच्ची वाटली, म्हणून लोहाराकडून दुसरी करून आणली. कब्बूरशी मात्र पहिले काही दिवस बोलला नाही. यमना मन बदलेल असं त्याला वाटत होतं. रोज सकाळी तो अंगणात चहा पीत बसायचा आणि वरून मशीनचा आवाज ऐकायचा. शेजारच्या मुलींचे लग्नाचे कपडे आले, आणि यमना कामात बुडाली. सुट्टी संपली. गाडी त्याच्या नावावर आत आली होती, ती त्यालाच बाहेर न्यायला हवी होती. हसना माझ्या गाडीत बसली. व्हॅनमध्ये तो एकटाच होता.

लोर्कात तो मसूर शिजवायला शिकला. आधी करपवली, मग गीताला विचारून विचारून जमवली. संध्याकाळी फोन करायचा. यमना काय म्हणते हे आम्हाला कळायचं नाही, पण त्याचे प्रश्न ऐकू यायचे. लग्नाचे कपडे शिवून झाले का, गुडघा कसा आहे, गिऱ्हाईक पैसे बुडवत नाही ना. हळूहळू तो प्रश्न कमी विचारायला लागला आणि ऐकायला जास्त. एकदा तर त्याने बराच वेळ नुसतंच 'हं' म्हटलं आणि फोन ठेवून मला सांगितलं, "आज ती हसली."

डिसेंबरात, ब्रोकोलीच्या ऐन हंगामात, त्याने मुकादमाकडे रजा मागितली. मुकादमाला वाटलं दुसरीकडे काम धरतोय. खूप वाद घातल्यावर रजा मिळाली. निघायच्या आदल्या दिवशी मी त्याच्या घरी गेलो, तर तो व्हॅनच्या मागे हिवाळी पावसासाठी मोठ्या छत्र्या, शिवणाचे दोरे आणि कब्बूरसाठी एक जुना रेडिओ ठेवत होता. टप रिकामा होता.

"तिकीट?" मी विचारलं.

"हसनाने काढलं. फोनवर," तो म्हणाला, आणि स्टेपनीत हवा आहे का ते बघायला वाकला.