कोमट समुद्र

चहा समोर ठेवून बराच वेळ झाला, तरी आमच्या ह्यांचा डोळा सूक्ष्मदर्शकावरून हटेना. मग म्हणाले, “अगं, बघ तरी, किती देखणी आहे!”

वाकून पाहिलं. चुनखडीच्या दगडातून निघालेली, वाळूच्या कणाएवढी शिंपली होती.

“हिच्यावरून कळतं, हा दगड सापडला तिथे कोट्यवधी वर्षांपूर्वी उथळ समुद्र होता. पाणी कोमट होतं.”

इतक्या मायेने ते माझ्याबद्दल कधी बोलल्याचं आठवत नाही. दगडात गाडून घेतल्यावरच कुणी आपल्या भोवतीचं ऊनपाणी इतकं निरखणार असेल, तर रोज समोर वावरून काय उपयोग? त्या सटवीचा मला मनापासून हेवा वाटला.

तेवढ्यात त्यांनी कप उचलला, गारढोण चहा एका दमात संपवला आणि म्हणाले, “वा, गरमागरम!”