मी बडनेऱ्याला गेलोच नव्हतो

माझा पुतण्या जहाजावरून समुद्रात पडून मेला. कंपनीच्या कागदांत मात्र तो पडलेला नाही, त्याने उडी मारली आहे. ही उडी कंपनीने एकटीने रचलेली नाही. तिच्याखाली माझी सही आहे.

तो मालवाहू जहाजावर खलाशी होता. घर शेंदूरजनाघाटला, थोडी संत्र्याची झाडं, बायको आणि एक मुलगी. मी अमरावतीला राजापेठेत राहतो. जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवलं, त्यामुळे भावकीत इंग्रजी कागद आला की तो माझ्याकडेच यायचा. "काकाजीले दाखवा," हा आमच्या घरातला शेवटचा शब्द. त्याचा मला माज होता, हेही आज लिहून ठेवतो.

जहाज बंदराजवळ आलं होतं. बाहेरच्या बाजूने दोराची शिडी खाली सोडण्याच्या कामावर त्याला लावलं होतं. तो शिडीवर असतानाच तिचा दोर तुटला. प्रेत हाती लागलं नाही. बरोबरच्या खलाशाने त्याच्या बायकोला, आमच्या सूनबाईला, फोन करून सांगितलं, "वहिनी, दोर कुजलेला होता. आम्ही दोनदा बोललो होतो साहेबांना."

बातमीनंतर पाचव्या दिवशी आम्ही शेंदूरजनाघाटला त्याच्या ओसरीत सतरंजीवर बसलो होतो. आमच्याकडे दुःखाला बसायला आलेलं माणूस 'गेला तेव्हा चांगला होता' असं कधी म्हणत नाही. मेलेल्याला आधीच चाहूल लागली होती, असं काहीतरी सांगावं लागतं. जो सांगेल तो जवळचा. शेजारची म्हातारी म्हणाली, "निंगाच्या दिशी चहा अर्धाच पेला त्यानं. मले तवाच कसंतरी वाटलं." कोणी कुत्रं रडल्याचं सांगितलं. मग सगळे माझ्याकडे पाहू लागले. मी घरातला थोरला, आणि माझ्यापाशी सांगायला काही नव्हतं.

कारण मी त्याला भेटलोच नव्हतो. त्याने बडनेरा स्टेशनवरून फोन केला होता. "काकाजी, गाडीले अर्धा तास हाय, या ना." मी म्हटलं, गुडघे दुखतात. तो हसला. "बरं, पुढच्या खेपेले तुमाले जहाजावरच नेतो, तिथं चालाचं काम नाई." खरं तर गुडघे त्या दिवशी ठीक होते. मला कंटाळा आला होता.

ते सतरंजीवर कसं सांगायचं? म्हणून मी म्हणालो, "मी गेलो होतो बडनेऱ्याले. गाडीच्या दारातून वळून वळून पाहत होता. म्हणे, काकाजी, आता संसारात मन लागत नाई."

बायका रडल्या. सूनबाई रिवाजाप्रमाणे आतल्या खोलीत होती, तिच्या कानावर हे गेलं नाही. पण कंपनीचा माणूस सतरंजीवरच होता. मुंबईहून आलेला, पांढरा शर्ट, मऊ आवाज, आमच्यासारखीच मांडी घालून बसलेला. तो माझ्याजवळ सरकला. "सर, एवढं लिहून द्याल? साहेबांना कळू दे, केवढा हळवा माणूस होता."

मी लिहून दिलं. इंग्रजीत, दोन परिच्छेद, घोटीव अक्षरात. चांगलं जमलं म्हणून मनातून सुखावलोही.

पुतण्याच्या घरात बसून, त्याच्याच घरचा चहा पिऊन, तो माणूस त्याच्या बायकोच्या विरुद्ध पुरावा घेऊन गेला. कुजलेला दोर बदलायला या कंपनीला वेळ मिळाला नाही. आमच्या रडण्यातून कामाचं तेवढं वेचायला मात्र तिने माणूस एवढ्या लांब धाडला.

काही महिन्यांनी नकाराचं पत्र आलं. मयताने स्वतःहून जीव दिला, सबब भरपाई देय नाही. सोबत माझ्या कागदाची प्रत. सूनबाईने तो गठ्ठा माझ्याकडेच आणला, दुसरीकडे कुठे नेणार? मी सगळं मनातल्या मनात वाचलं. माझं पान उलटं करून खाली ठेवलं. "कंपनी नाही म्हणते," एवढंच सांगितलं. या कृत्याला मला आजही शब्द सापडत नाही.

दोन वर्षं ती गप्प बसली. मग अकोल्याला जठारपेठेत राहणाऱ्या तिच्या भावाने वकील पाहिला. तिने मलाही सोबत नेलं, इंग्रजीसाठी. वकिलाने एकेक कागद वाचला आणि एक पान वर धरलं.

"हे कोणाचं?"

"माझं."

त्याने चष्मा काढला. "सर, कामावरचा माणूस जहाजावरून गेला तर भरपाई मालकानं द्यायची. द्यायची नसेल, तर त्यानं जाणूनबुजून जीव दिला हे मालकानंच सिद्ध करायचं. बाईंना काहीच सिद्ध करायचं नव्हतं. कंपनीजवळ पुरावा नव्हता. तुम्ही करून दिला, तोही चांगल्या इंग्रजीत."

त्याने ते पान मराठीत सांगितलं. सूनबाई ऐकत होती. मग माझ्याकडे न पाहता म्हणाली, "काकाजी, तुमी आलेच नव्हते बडनेऱ्याले. मी होती तिथं, पोरगी होती. गाडी सुटली तं हा खिडकीतून तिले वाकुल्या दाखवून राहिला होता."

वकील म्हणाला, खरं काय ते प्रतिज्ञापत्रात लिहून द्या. कंपनीचा वकील तुम्हाला खोटारडा ठरवील. मी म्हटलं, ठरवू द्या, आहेच मी; सतरंजीवर सगळ्यांसमोरही हेच खोटं बोललो होतो.

सूनबाईला तेवढं पुरलं नाही. "माह्या पोरीले शाळेत पोरं म्हणतात, तुह्या बापानं जीव देल्ला. जिथं बोलले ना काकाजी, तिथंच सांगा."

गेल्या रविवारी तिने तीच सतरंजी अंथरली आणि तीच माणसं बोलावली. यावेळी ती आत गेली नाही. मुलीला जवळ घेऊन समोर बसली. मी सांगितलं, गुडघ्यांसकट सगळं. एका चुलतभावाने मान फिरवली, ते मला पटलं.

मग शेजारची म्हातारी पदराशी चाळा करत म्हणाली, "चहा बी पुरा पेला होता त्यानं. वरून आनखी मांगला होता."

सूनबाईने माझ्यापुढचा प्रतिज्ञापत्राचा कागद उचलला आणि पेनासह माझ्या हातात दिला.

"हेबी ल्याहा," ती म्हणाली.