सोलर चांगलंच… पण भाताच्या शेतात?

गेल्या रविवारी येळ्ळूरला आक्काकडे जेवायला गेलो, आणि पानावर बसायच्या आधीच वाद सुरू झाला. विषय सोलर.

झालं असं, की एका कंपनीचा एजंट दाजींना भेटून गेला होता. आक्काचं भाताचं शेत त्यांना सोलरसाठी लांबच्या मुदतीच्या कराराने भाड्यानं हवं होतं. जमीन सपाट, रस्त्याला लागून, विजेची लाइन शेजारून गेलेली… दुसऱ्याच दिवशी सही करायची होती. दाजी तयार, आक्का अजिबात नाही.

अनगोळला माझ्या घरावर सोलर आहे. मी इंजिनिअर नाही, पण विजेबद्दल मिळेल ते वाचतो आणि समजल्याशिवाय सोडत नाही. त्यामुळे पंच मी.

"पाव्हणं, तुम्ही सोलरवालं. समजावा हिला," दाजी म्हणाले.

"त्या काचांनी पाऊस पळतोय म्हणं. ते सांग की रं त्यास्नी!" आक्का.

मी म्हटलं, आक्का, पाऊस पळत नाही, ती अफवा आहे. दाजी खूश झाले. मग त्यांना सांगितलं, की एजंट म्हणतो ते "प्रदूषण शून्य" हेही खरं नाही. पॅनेलचं सिलिकॉन भट्टीत तयार होतं, आणि ती भट्टी बऱ्याचदा कोळशाच्या विजेवरच चालते. कोळशापेक्षा सोलर कितीतरी स्वच्छ, हे शंभर टक्के मान्य… पण शून्य नाही!

आता दोघंही माझ्याकडे रागानं बघायला लागले. पण मी सुरू झालो की थांबत नाही. पवनचक्की जमीन कमी खाते, खाली पीक घेता येतं, पण पक्षी मरतात आणि डोंगरात रस्ते पाडावे लागतात. धरणाची वीज धूर करत नाही, पण गावं पाण्याखाली जातात. अणुवीज थोड्या जागेत भरपूर, पण तिचा कचरा पिढ्यान् पिढ्या सांभाळायचा… आणि सोलरला जागा लागते. म्हणून सोलरचा खरा प्रश्न धुराचा नाही, तो कुठं बसवायचा हा आहे.

"म्हणजे तू नक्की कुणाकडचा रं?" आक्कानं विचारलं.

मी म्हटलं, भाताच्या शेतात नको. भात निघाल्यावर त्याच ओलीवर तुमचा मसूर येतो, अशी जमीन काचेखाली घालू नये. तुमचा वरचा माळ पडीकच आहे, तिथं बसवा.

मला वाटलं, आता आक्का खूश. तर ती भाकरी तव्यावर तशीच सोडून वळली. "पडीक? धनगराची मेंढरं कुठं चरायची मग? तीच मेंढरं उन्हाळ्यात शेतात बसत्यात, म्हणून भात येतोय न्हवं!"

खरं सांगतो, चुकलोच. मेंढरं शेतात बसवून खत घ्यायची रीत मला लहानपणापासून माहीत. पण तुलना करताना ती माझ्या डोक्यात आलीच नव्हती.

मग दाजीच हळूच म्हणाले, "काचा उंच बसवल्या तर मेंढरं खालनं जातील का न्हाय?" जातात की! असं काही ठिकाणी करतात, मी वाचलं होतं. सावलीत गवतही जास्त दिवस हिरवं राहतं, आणि मेंढरांनी खाल्लं की ते कापायला नको.

दाजींनी तिथूनच एजंटला फोन लावला. "भाताचं शेत न्हाय मिळायचं. माळ बघायचा तर या. काचा उंच लागतील, मेंढरं खालनं गेली पायजेत." खांब उंच म्हणजे खर्च वाढणार, विचारून सांगतो, असं तो म्हणाला.

कंपनी हो म्हणेल की नाही, माहीत नाही. पण सही झाली नाही, आणि यंदाही त्या शेतात भातच पेरणार. आक्का, दाजी, तुम्हा दोघांचे मनापासून आभार… विजेचं माझं इतकं वाचन, पण माळ रिकामा नसतो हे तुमच्या घरी शिकलो.