बायची भिंत

बाय घरात शिरली की माणसांच्या आधी भिंतीची विचारपूस करायची. तळहाताची पालथी बाजू मातीवर टेकवायची, जराशी थांबायची आणि मग आमच्याकडे बघून हसायची. 'बरी हाय,' असं म्हणाली तर ते भिंतीबद्दल असायचं. आम्ही बरे आहोत की नाही, हे चहाच्या वेळी.

माकुणसारचं हे घर बोईसरला दवाखाना चालवणाऱ्या एका डॉक्टरांचं. जन्मभर त्यांनी चित्रं जमवली, पितळी देव जमवले. त्यांच्या पश्चात लेकीने घराचं संग्रहालय केलं आणि त्यांच्या हयातीपासून संग्रहाच्या नोंदी ठेवणाऱ्या मला व्यवस्थापक नेमलं. पण डॉक्टरांचा जीव होता मधल्या खोलीतल्या कुडाच्या भिंतीवर. दर दिवाळीआधी बाय डोंगराकडच्या पाड्यावरून यायची, गेल्या वर्षीचं चित्र शेणाने सारवून टाकायची, वर गेरू द्यायची आणि तांदळाच्या पिठाने नवं चित्र काढायची. डॉक्टर खुर्ची टाकून दिवसभर बघत बसायचे.

एकदा मी विचारलं, "बाय, पुसताना वाईट नाही वाटत?"

"पोरीचं लगीन झाल्यावर मांडव ठेवतं का कोनी?" ती म्हणाली आणि कामाला लागली.

डॉक्टर गेले त्या वर्षी तिने लग्नात भिंतीवर काढतात तो नक्षीचा चौक काढला आणि त्याच्या कडेला खुर्चीत बसलेला एक चष्मेवाला माणूस. तो बघून मी रडलो. रडून थांबलो असतो तर बरं होतं. पण मी जतनाचा सहा महिन्यांचा अभ्यासक्रम केला होता, आणि अर्ध्या हळकुंडाने पिवळा झालो होतो. मी चित्रावर पारदर्शक लेप मारून घेतला, समोर दोरी बांधली आणि 'हात लावू नये' अशी पाटी लावली.

पुढच्या दिवाळीआधी बाय शेणाची बादली घेऊन आली. मी तिला ओटीवरच थांबवलं.

"बाय, आता सारवायचं नाही. हे कायमचं राहणार."

"कायमचं?" तिला ते खरंच कळेना. "मंग मातीनं श्वास कुठनं घ्यावा? आनि आमी काय करावं?"

मी मानधनाचं पाकीट पुढे केलं. तिने ते घेतलं नाही. चहा प्यायली, बादली उचलली आणि एस.टी.च्या थांब्याकडे चालू लागली. मला वाटलं, अडाणी आहे, समजेल हळूहळू.

पावसाळ्यात भिंतीला घाम सुटला. लेप पापुद्र्यांनी सुटला आणि त्याच्याबरोबर चौक गेला, चष्मेवाला माणूसही गेला. मी तोंड लपवत पाड्यावर गेलो. बाय खंगली होती, तरी आली. तिने पडलेली माती भरली, दोन दिवस लावून अख्खी भिंत सारवली, गेरू दिला. मी पिठाची वाटी पुढे केली. तिने ती बाजूला सारली.

"सारवून दिली. काढनार नाय."

"का गं?"

"तू पुन्ना कोंडशील."

मी शपथ घ्यायला हवी होती, पाया पडायला हवं होतं. मी पिठाची वाटी उचलून आत नेऊन ठेवली. होळीच्या सुमारास बाय गेल्याचा निरोप आला.

आता खोलीत नुसती लाल भिंत आहे. लोक विचारतात, इथलं चित्र कुठाय? काढणारीला मी दारातून परत पाठवलं, हे सांगायचं रोज ठरवतो. आणि रोज सांगतो, "काम चालू आहे."