पोरीची शिदोरी कोणी बांधली?

मुलांनो, नोकरीतल्या बऱ्याच गुन्ह्यांचे तपशील आता पुसट झालेत. पण पिंगळीच्या रेल्वे स्टेशनवर उघडलेलं धपाट्यांचं फडकं अजून जसंच्या तसं डोळ्यांपुढे येतं. नावं सांगणार नाही. ती माणसं आमच्या जिंतूर तालुक्यातच राहतात.

निवृत्तीच्या आधी मी तिथल्या एका ठाण्यात सहायक निरीक्षक होते. दिवाळी नुकतीच झाली होती. सकाळची हजेरी आटोपते तोच एक तरुण शेतकरी तणतणत आत आला. बायकोने चार वर्षांची मुलगी पळवून नेली, अशी तक्रार. "बायको" म्हणाला आणि लगेच "व्हती" असं जोडलं. नुकताच पंचांसमोर त्यांचा काडीमोड झाला होता. नवराबायकोने गवताची काडी दोन टोकांना धरून मोडायची, की संसार संपला, अशी त्यांच्याकडची रीत. त्याच बैठकीत पंचांनी मुलगी बापाकडे राहील असंही सांगून टाकलं होतं.

मूल बेपत्ता म्हटल्यावर अपहरणाचा गुन्हा नोंदवावाच लागतो. तो नोंदवून मी वर्णन घ्यायला त्याच्या घरी गेले. मुलीच्या अंगात काय होतं हे बापाला सांगता येईना. चुलीपाशी बसलेली त्याची आई म्हणाली, "लाल फराक हाय. कानटोपी हाय. तेल लावून दोन येण्या घातल्यात."

"तू तर रानात व्हतीस ना?" तो म्हणाला.

म्हातारी चुलीतली लाकडं सारू लागली. मी ते मनात टिपून ठेवलं.

वर्णन सगळीकडे कळवलं होतं. दुपारी पिंगळीहून एका चहावाल्याची खबर आली : स्टेशनच्या बाकावर एक बाई अशाच मुलीला घेऊन बसली आहे. महिला हवालदाराला घेऊन मी जीपने निघाले.

वर्दी दिसताच त्या बाईने दोन्ही हात पुढे केले. "घाला बेड्या. मीच चोरली. पर आदुगर तिला खाऊ द्या."

"स्वतःची लेक कुणी चोरतं का गं?"

"काडी मोडली नव्हं, मॅडम? पंच म्हणले, आता हिच्यावर तुजा हक्क न्हाई."

"पंच काय जज लागून गेले का?" माझी हवालदार पुटपुटली.

ती पुण्याला निघाली होती, धुणीभांडी करणाऱ्या मावसबहिणीकडे. माहेराहून पहाटेच्या एसटीने आली, दार उघडं होतं, घरात कुणी नव्हतं, पोर उचलली. कसंही फिरवून विचारलं तरी एवढंच उत्तर. तेवढ्यात मुलीने मांडीवरचं फडकं सोडलं. आत धपाटे होते, अजून मऊ. रिकाम्या घरातून घाईत पोर उचलून पळालेल्या बाईला शिदोरी बांधायला सवड कुठून मिळाली?

"कुणी केले गं हे?" मी मुलीला विचारलं.

"आज्जीनं. मला तिखट लागतं म्हणून मिरची कमी टाकली."

आईने तिच्या तोंडावर हात ठेवला, पण उशीर झाला होता. मग ती रडायलाच लागली. "म्हातारीचं नाव लिहू नका, मॅडम. त्यो तिला घरात ऱ्हाऊ देणार न्हाई. मलाच टाका आत."

ठाण्यात आणून सासूलाही बोलावलं. दोघींना वेगळ्या खोल्यांत बसवून विचारलं. आरोपींनी एकमेकांवर ढकलायचं, ही आमची नेहमीची अपेक्षा. इथे दोघी एकच गुन्हा आपापल्या अंगावर घेत होत्या.

"मीच दिली," सासू म्हणाली. "दोघं ऊसतोडीला जायचे तवा पोर माझ्यापाशीच ऱ्हायची. आवंदा त्यो तिला फडावर न्यायलाय. दुसरी बायको करायलाय. मी थकले, आता माझ्याच्यानं व्हत न्हाई. मंग आईबिगर कोण बघंल?"

मी तिच्या मुलाला बोलावून समोर बसवलं. कोर्टाचा हुकूम नसताना आईने स्वतःची मुलगी नेली तर ती चोर ठरत नाही आणि ताबा पंच ठरवत नाहीत, हे नीट समजावलं.

"मंग पंच कशाला बसले व्हते?"

"च्या प्यायला," त्याची आई म्हणाली.

गुन्हा गैरसमजातून नोंदला गेल्याचा अहवाल आम्ही पाठवला. पण मला तेवढ्याने समाधान नव्हतं. पुण्याला पळून तिला किती दिवस लपता आलं असतं? तो कधीही जाऊन मुलीला उचलून आणू शकला असता. मी तिला सांगितलं, जिंतूरच्या कोर्टाच्या आवारात विधी सेवा समितीचं कार्यालय आहे. बाईमाणसाला तिथे वकील मोफत मिळतो, उत्पन्न कितीही असो.

"फुकटचा वकील म्हंजी फुकटचाच आसल," ती म्हणाली.

"आगं, बघून तर ये," सासू म्हणाली. "मी येते संगं. न्हाई आवडला तर परत फिरू."

वकील निघाली एक तरुण मुलगी. तिने दोघींना पाणी दिलं आणि कुणालाही मध्ये न तोडता सगळं ऐकून घेतलं. घटस्फोट, पोटगी, मुलीचा ताबा, सगळ्याचे अर्ज तिनेच केले. सासू पोटच्या मुलाविरुद्ध सुनेच्या बाजूने साक्ष द्यायला तयार आहे, हे कळल्यावर मुलगा नरमला. कोर्टात समेटाची बैठक झाली, मुलगी आईकडे राहील असं ठरलं. आणखी काही अट आहे का, असं वकिलीणबाईंनी विचारलं.

"हाय," सून म्हणाली. "साळंला सुट्टी लागली की पोरगी आज्जीकडं ऱ्हाईल. त्याला कुणी न्हाई म्हणायचं न्हाई."

म्हातारीने पदर तोंडाला लावला. मग बाहेर व्हरांड्यात आल्यावर सुनेला म्हणाली, "पोरीच्या येण्या ढिल्या घातल्यास," आणि नातीला पुढ्यात ओढत, "बस खाली."

तेव्हापासून घरगुती प्रकरण आलं की तक्रार लिहून घेतल्यावर मी मूल बघायचे. केस कुणी विंचरलेत, डब्यात काय आहे. त्या मुलावर अजून कुणाचा जीव आहे, हे तिथे सापडतं. आणि त्या माणसाला ठाण्याच्या पायरीवरून परत न पाठवता मोफत वकिलाच्या दारापर्यंत कुणाची तरी सोबत देऊन पाठवायचे. नुसता पत्ता सांगून भागत नाही. घाबरलेलं माणूस पत्त्यावर पोहोचत नाही.

तुम्ही इथून निघता तेव्हा मी तुमच्या बॅगेत धपाटे कोंबते. तुमची आई म्हणते, विमानतळावर बॅग उघडून बघतील. बघू देत. बघणाऱ्यालाही कळेल, की ही मुलं कुणीतरी नीट तयार करून पाठवली आहेत.