भिंतीला भोक पाडणारे तात्या

नामदेवतात्या कुणाच्याही स्वयंपाकघरात शिरले की आधी उदबत्ती पेटवायचे. आमच्याकडे पहिल्यांदा आले तेव्हा आईला वाटलं, पूजाबिजा असेल. तिने पदर सावरून हात जोडले.

"वहिनी, हात कशाला जोडताय? धूर कुठं जातोय त्ये बघा!"

आंबवड्याचे तात्या एस्टीच्या वर्कशॉपातून निवृत्त झाल्यावर घरोघरी चिमण्या बसवत हिंडायचे. शेगडीवरचा धूर ओढून घेतात त्या चिमण्या. सगळी हयात त्यांनी गाड्यांच्या सायलेन्सरखाली उताणं पडून काढली होती. इतकी, की उभ्याने बोलायचं त्यांना पुन्हा शिकावं लागलं, असं मी चारचौघांत सांगतो आणि लोक मानतातही.

आमची अडचण मात्र खरी होती. आईला फोडणीचा ठसका लागायचा. साधासुधा नव्हे, किकवीच्या आमच्या घरात ती खोकली की हायवेवरचे ट्रक ब्रेक लावायचे. शेवटी डॉक्टरांनी तिला धुरापासून लांब राहायला सांगितलं. आयुष्यभर चुलीवर, स्टोव्हवर, गॅसवर राज्य केलेली बाई ओसरीत बसून लसूण सोलू लागली. पुढं पुढं तर सुनेच्या आमटीला नावं ठेवायचाही तिचा उत्साह गेला, तेव्हा मी घाबरलो.

म्हणून मी चिमणी आणली. पण नव्या टाइल्सना भोक नको म्हणून तिचा पाइप माळ्यावर सोडला, आणि तिचा जोर वाया जाऊ नये म्हणून खिडकी गच्च लावून घेतली. अक्कल म्हणतात ती हीच. ठसका काही थांबला नाही, तेव्हा तात्यांना बोलावलं.

तात्यांच्या उदबत्तीचा धूर चिमणीत गेला, माळा हिंडून आला आणि थेट माझ्या नाकात शिरला.

"मालक, गाडीचा धूर गाडीतच सोडल्यावर पाशिंजर जगत्यात व्हय?"

"पण तात्या, टाइल्स..."

"टायली दुकानात मिळत्यात. वहिनींची छाती कुठल्या दुकानात मिळती सांगा, म्या आत्ता जाऊन आणतो."

आईच पुढं झाली. "भावजी, फोडा!"

तात्यांनी मेन स्विच बंद केला आणि छिन्नी लावली. असा आवाज, की राजगडावरच्या माकडांनी बिऱ्हाडं हलवली. आखूड पाइप, एकच वळण, बाहेरच्या अंगाला जरासा उतार, तोंडाला झडप. मग त्यांनी मेन स्विच चालू केला आणि समोरची खिडकी चार बोटं उघडली.

"ही कशाला?"

"आत वारा आला तर धूर भाईर जाईल. उपड्या बाटलीतनं पाणीबी हवा आत शिरल्याबिगर धड निघत न्हाई." मग आईकडे वळून म्हणाले, "वहिनी, आता चिमणी लावा अन् तव्यावर सुक्या मिरच्या टाका."

मी दाराकडे सरकलो. आईने मूठभर मिरच्या टाकल्या. मिरच्या फुगल्या, काळ्या पडल्या. मी आईच्या तोंडाकडे बघत राहिलो. आई खोकली नाही. परसातली शेळी मात्र शिंकत शिंकत दावं तोडून नसरापूरपर्यंत गेली.

तात्या चिमणीची जाळी कशी धुवायची ते समजावत होते. आईचं लक्षच नव्हतं. ती डबे उघडून बघत होती.

"हिंग कुठं ठेवलाय हिनं? आन् तुमी दोगं भाईर व्हा बगू. पायात येऊ नका, मला आमटी टाकायचीय."

परसात आल्यावर मी ओशाळून म्हटलं, "तात्या, रागावू नका, आईचं बोलणं असंच..."

तात्या भिंतीतून निघणाऱ्या फोडणीच्या वासाकडे नाक करून उभे होते. म्हणाले, "आवो, काम नीट झालं की मिस्त्रीला भाईरच काढत्यात."