खदानीतली राख आणि माझी छाती

"तुमच्या फुप्फुसावर वण पडलेत," डॉक्टरबाई म्हणाल्या. मी त्यांच्याकडे बघितलंच नाही. माझ्या पोरीकडे बघितलं. अकरा महिन्यांची होती. सासूबाईंच्या मांडीवर बसून बिस्किट चघळत होती. मी ज्या घरात राहिले त्याच घरात ती राहिली. मी झोपले त्याच जमिनीवर ती रांगली.

कागदावर त्यांनी फायब्रोसिस लिहिलं. मला वाचता आलं नाही. मग त्यांनीच समजावलं. जखम भरली की तिथली कातडी कडक होते ना, तसं आत झालंय. कडक झालं तिथून हवा नीट जात नाही. म्हणून दम लागतो.

आधी नुसता खोकला होता. नंदुरबारला मिरचीच्या पथारीवर, म्हणजे मिरची वाळवतात त्या मैदानावर, मी देठ खुडायला जायचे. तिथे सगळ्याच बाया खोकतात. शेजारची सुमनकाकी तर हसायची, "मिरचीले इतकी घाबरस तं पथारीवर कसाले येस वं?" मीही हसायचे. पण मिरचीचा ठसका घरी आल्यावर जातो. माझा घरीच वाढायचा. झाडू मारताना तर जास्तच.

मग दम लागायला लागला. पाण्याची कळशी उचलली की ओट्यावर बसावं लागायचं. पोरीला दूध पाजताना मध्येच थांबून श्वास घ्यावा लागायचा. ती रडायची, मला वाटायचं माझंच काही कमी पडतंय.

गावात टीबी म्हणाले. थुंकी तपासली. दोनदा तपासली. टीबी नाही निघाला. पण तोपर्यंत बारा दिवस माझं ताट वेगळं, अंथरूण वेगळं. पोरगी पलीकडच्या खोलीत. ती रडायची तेव्हा माझं दूध आपोआप वाहायचं, पोलकं ओलं व्हायचं. ते बारा दिवस मी कधी विसरणार नाही.

मग सरकारी दवाखान्यात आलो. बोटाला चिमटा लावतात, त्याला ऑक्सिमीटर म्हणतात. रक्तात हवा किती पोचते ते त्यावर दिसतं. मग स्पायरोमेट्री, म्हणजे नळीत जोरात फुंकायचं. मी तीनदा फुंकलं, तिन्ही वेळा मध्येच खोकला. मग सीटी स्कॅन. गोल मशीनमध्ये झोपवतात, आतले फोटो निघतात. दुखत नाही बायांनो, घाबरू नका. फक्त श्वास धरा म्हणतात, तेच अवघड.

दर वेळी मला विचारलं, "ताई, घरात धूळ आहे का?" तीन डॉक्टरांनी विचारलं. तिन्ही वेळा मी नाही म्हटलं. माझं घर स्वच्छ असतं, मी कशाला हो म्हणू?

चौथ्यांदा या डॉक्टरबाईंनी वेगळं विचारलं. "सकाळी उठल्यापासून काय काय करता, ते सांगा. काही सोडू नका." मी सांगत गेले. अंगण झाडते. घर झाडते. भांडी राखेने घासते.

त्यांनी पेन खाली ठेवला. "चूल आहे घरी?"

"नाही, गॅस आहे."

"मग राख कुठली?"

"खदानीतली."

आमच्या गावाबाहेर मुरुमाची जुनी खदान आहे. पोरगी पोटात होती तेव्हा तिथे टिप्पर यायला लागले. दूरच्या वीज कारखान्यातली राख खदानीत ओतायचे. खड्डा भरला की वरून माती टाकू, जमीन सपाट होईल, असं सांगत होते. गॅस आल्यापासून आम्हा बायांना राखच मिळत नव्हती. भांड्यांना नाही, कीड लागू नये म्हणून डाळीच्या डब्यात घालायला नाही. आणि ही राख तर मैद्यासारखी मऊ, चाळायचंही काम नाही. सगळ्या बाया गोण्या भरून आणायच्या. सासूबाई म्हणायच्या, "फुकटमा भेटी ऱ्हायनी." आमच्या घराची जमीन खोलगट होती, तिथेही तीच भरली. वरून शेणाने सारवली. शेण वाळलं की भेगा पडायच्या, झाडू मारला की बारीक भुकटी उडायची. मला ती कधी धूळ वाटलीच नाही.

सासूबाई डॉक्टरबाईंना म्हणाल्या, "राख घान थोडी ऱ्हास, बाई? राखवरी तं घान निंघस."

डॉक्टरबाई हसल्या नाहीत की रागावल्या नाहीत. "मावशी, चुलीची राख लाकडाची. ही दगडी कोळशाची. हिच्यात काचेसारखे कण असतात, डोळ्याला दिसत नाहीत. छातीत खोल गेले की तिथेच बसतात."

मी एकच विचारलं. "माझी पोरगी?"

तिचा एक्स-रे काढायला नेलं. आम्ही बाहेर बाकड्यावर बसलो. किती वेळ ते माहीत नाही. एका बाईने मला पाणी दिलं, तिचा चेहराही आठवत नाही. सासूबाई पदराने डोळे पुसत होत्या. "मीच आनी व्हती ना ती राख, गोनी भरीसन."

"मी बी आनी, माय," मी म्हटलं.

डॉक्टरबाईंनी एक्स-रे बघितला, पोरीच्या पाठीला नळी लावून कितीतरी वेळ ऐकलं. मग म्हणाल्या, "हिची छाती आज साफ आहे. पण हिला त्या घरात नेऊ नका. तुम्हीही जाऊ नका. तुमचं जेवढं गेलं तेवढं परत येणार नाही. उरलंय ते टिकवायचं."

दवाखान्यातून मी आणि पोरगी सरळ माझ्या माहेरी म्हसावदला आलो.

आमच्या ह्यांनी तोंडाला ओला रुमाल बांधून घराची जमीन उकरली. तेवढी राख टाकायची कुठे, ते कुणालाच सांगता येईना. शेवटी भिजवून, गोण्यांत भरून परत खदानीतच नेली. डाळ फेकून दिली. ह्यांनी ग्रामपंचायतीत अर्ज दिला. साहेब लोक आले. म्हणाले, राख झाकून आणायची, ओली ठेवायची, वरून मातीचा जाड थर द्यायचा, असा नियमच आहे. सुमनकाकीने तिथेच विचारलं, "मंग आमले कोनी का नही सांगं, दादा?" साहेब म्हणाले, फलक लावायला पाहिजे होता. मग फलक लागला. काही दिवस पाण्याचा टँकर आला. अर्ध्या खदानीवर माती पडली. अर्धी अजून उघडी आहे. वारा सुटला की गावातली लिंबाची पानं करडी होतात, असं हे सांगतात. हे आणि सासूबाई अजून तिथेच राहतात. सासूबाईंना घर सोडवत नाही.

बायांनो, तुम्हाला एवढंच सांगते. दवाखान्यात धूळ विचारली तर घरात जे जे उडतं ते सगळं सांगा. स्वच्छ वाटतं तेही सांगा. त्या डॉक्टरबाईंनी चौथ्यांदा विचारलं नसतं तर मी अजून पोरीला तिथेच रांगवत असते. त्यांचे उपकार मी फेडू शकत नाही.

आता पोरगी दोन वर्षांची झाली. मी रोज दोनदा पंपाने औषध ओढते. सकाळी आम्ही दोघी दुकानापर्यंत चालत जातो. वीस-पंचवीस पावलं झाली की मी थांबते, भिंतीला हात लावते. तीही थांबते. भिंतीला आपला छोटा हात लावते आणि माझ्याकडे बघत उभी राहते. तिला दम लागलेला नसतो. तिला वाटतं, चालणं असंच असतं.